चाळीस ग्रेन

टेबलावरचा पावाचा चुरा पुसून
दिमित्रो तराजू मांडतो.
पितळी पुंगळ्या ओळीने उभ्या.
बाहेर उणे सत्तावीस,
खिडकीच्या काचेला आतूनसुद्धा बर्फ.

लग्न झालं तेव्हा तो पंचावन्न ग्रेनची गोळी भरायचा.
आत जाताना हरभऱ्याएवढं भोक,
बाहेर पडताना बशीएवढं.
कायोटी जागीच आडवा व्हायचा, ते खरं,
पण त्याची एक कूस उरायची नाही
आणि ती न उरलेली कूस
माझ्या वाट्याला यायची.

कातडं ओलं असतानाच उलटं करायचं.
तिधारी सुई, मेण लावलेला दोरा.
काठाला काठ भिडवत जायचं,
केस टाक्यात अडकू द्यायचे नाहीत,
दोरा फार ओढायचा नाही,
नाहीतर फळीवर ताणताना सुरकुती पडते
आणि ती ल्व्हालेला दिसते.

ल्व्हाले फरवाला. फेब्रुवारीत ट्रक घेऊन यायचा.
चष्मा कपाळावर चढवून
कातड्यावर फुंकर घालायचा, गरम चहावर घालावी तशी.
केस दुभंगायचे. तो म्हणायचा,
"इथे बाईंचा हात लागलाय."
स्तुती नव्हती ती.
पंधरा डॉलर कमी.

एका रात्री सुईत दोरा ओवायला
मला पाच वेळा थुंकी लावावी लागली.
दिमित्रो बूट काढत होता, काही बोलला नाही.
पुढच्या शनिवारी गावातून पन्नास ग्रेनचा डबा आणला.

मग यॉर्कटनच्या डॉक्टरने डावा डोळा कामातून गेला म्हणून सांगितलं,
त्या थंडीत चाळीस.
लाल टोकाची, कवच कांद्याच्या पातीसारखं पातळ.
बरगडीतून शिरते आणि आतच भुगा होते,
पलीकडे निघत नाही.
शेजारचा हरासिम तळहातावर घेऊन हसला,
"गोळी आहे का तीळ?"

हरासिमचंही खरंच होतं.
हलक्या गोळीला वारा कुठेही नेतो
आणि आमच्याकडे वारा सोडून दुसरं काय पिकतं!
दोनशे यार्डांपलीकडचं जनावर
दिमित्रो आता फक्त बघतो.
समोर खांदा आला तरी थांबतो,
कारण हाडावर फुटली तर वरच्यावर खड्डा पडतो
आणि जनावर तीन पायांवर पळून जातं.
एकदा गेलं होतं तसं.
दोन दिवस तो बर्फातले ठिपके मोजत चालला.
सापडलं का, ते मी विचारलं नाही.
त्या आठवड्यात तराजू कपाटाबाहेर आला नाही.

किती कोल्हे असे वाऱ्याने वाचवले,
त्याची वही कोणी ठेवलेली नाही.

आता ल्व्हाले येत नाही. फरला भाव उरला नाही.
पोरं म्हणतात, कोकरं वाचवायची ना,
मग मोठी बंदूक घ्या, कातड्याचं काय कौतुक?
दिमित्रो मान हलवतो
आणि यंदा सतराची नळी बसवून आणतो.
पंचवीस ग्रेन.
चिमटीत धरली तर चिमूट रिकामीच वाटते.

आज सकाळी त्याने एक लाल कोल्हीण टेबलावर ठेवली.
मी दोन्ही हात फिरवले, मानेपासून शेपटीपर्यंत,
केसांच्या उलट, केसांच्या बाजूने.
"लागली कुठे?"
त्याने माझं बोट धरलं
आणि कोपराच्या मागे, तिसऱ्या बरगडीपाशी टेकवलं.
मसुरीच्या डाळीएवढं काहीतरी. ओलसर.

एवढ्याला टाका लागत नाही,
मला माहीत आहे, त्यालाही.
"एक घालावा लागेल," मी म्हटलं.

तो उठला,
उजेडाशी जाऊन सुईत दोरा ओवला,
शेवटाला गाठ मारली
आणि सुई माझ्या हातात दिली.